पाण्याकडे पाठ, कॅमेऱ्याकडे तोंड

बायकांच्या सहलीतल्या फोटोंची टिंगल करायला फारशी बुद्धी लागत नाही. एकाच रंगाचे टी-शर्ट, एकसारख्या गवती टोप्या, हात वर करून मारलेल्या उड्या आणि मागे समुद्र, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. व्हॉट्सॲपवरच्या विनोदांना हा विषय वर्षानुवर्षं पुरला आहे, आणि हे विनोद पुढे ढकलणाऱ्या पुष्कळ पुरुषांचे स्वतःचे फोन गाडीच्या बॉनेटला टेकून काढलेल्या फोटोंनी भरलेले असतात. मला या फोटोंची बाजू घ्यायची आहे, पण ‘करू द्या बिचाऱ्यांना हौस’ या दयेच्या सुरात नाही. माझं म्हणणं असं, की फोटोची किंमत त्यात काय दिसतं यावर ठरत नाही. तो कुणी काढला, कुणाकडे राहिला आणि कुणाला दाखवायचा हे कुणी ठरवलं, यावर ती ठरते. या कसोटीवर क्षितिज तिरकं झालेला, कडेच्या दोघी अर्ध्याच आलेला तो ग्रुप फोटो मराठी मध्यमवर्गीय बाईच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोकळा फोटो ठरतो. आणि हीच कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर त्याच बेटावर निघालेले दुसरे काही फोटो काढायलाच नको होते असंही म्हणावं लागतं. पहिली गोष्ट मान्य करणाऱ्याने दुसरी टाळू नये.

उदाहरण अंदमानचं घेऊ. फुकेत, बाली, मॉरिशस ही उष्ण कटिबंधातली बेटं मराठी पर्यटकाला आता नवी राहिलेली नाहीत, पण अंदमानशी आपलं नातं सेल्युलर जेलमुळे जुनं आणि वेगळं आहे. सावरकरांची कोठडी पाहायला म्हणून घरातली वडीलधारी मंडळी तिकडे जात, बायका त्यांच्यासोबत जात. नुसत्या बायकांनी जाण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची. वीणा पाटील यांनी केसरीत असताना ‘माय फेअर लेडी’ या नावाने केवळ महिलांच्या सहली सुरू केल्या, २०१३ नंतर वीणा वर्ल्डच्या ‘वुमन्स स्पेशल’ सहली निघाल्या, आणि आज लहानमोठ्या कितीतरी आयोजकांच्या पत्रकात अशी सहल असते. शिवाय भिशीचे गट, भजनी मंडळं, निवृत्त शिक्षिकांचे गट स्वतःच विमानाची तिकिटं काढून निघतात. मार्ग ठरलेला असतो: पोर्ट ब्लेअरला जेल आणि तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, मग बोटीने हॅवलॉक, तिथून नील, परतताना जमलं तर बाराटांग. सरकारदरबारी हॅवलॉक आणि नील २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाले, पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

या बेटांवर फोटोचं वेळापत्रक सूर्य ठरवतो आणि तो फार घाईत असतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली, तर अंदमान ९३ अंशांच्या आसपास. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा तिथला सूर्यास्त कोणत्याही सहलीत चुकत नाही. दुपारचं जेवण, थोडी वामकुक्षी, चहा असा घरचा वेग ठेवला तर गट पोचेपर्यंत काळोख पडलेला असतो. दुपारी जाऊन फोटो उरकावेत म्हटलं तर उन्हामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि टोपीखालचा अर्धा चेहरा काळा येतो. त्यातल्या त्यात एक सोय म्हणजे तिथली पांढरी, प्रवाळाच्या चुऱ्याची वाळू. सूर्याकडे पाठ केली की ही वाळू खालून चेहऱ्यावर उजेड टाकते. पण सूर्यास्ताला पाठ करून पस्तीस जणी उभ्या राहिल्या की फोनपुढे पेच पडतो, आकाशाचा रंग सांभाळायचा की चेहरे? महागडे फोन दोन-तीन प्रतिमा जोडून दोन्ही सांभाळतात, साधे फोन चेहरे काळे करतात. छायाचित्रण शिकवणारे अशा काळ्या आकृत्यांना कलात्मक म्हणतात. या बायकांना ते चालत नाही. ‘अहो, तोंडं दिसत नाहीत’ एवढं ऐकलं की टूर मॅनेजर सगळ्यांना फिरवून उजेडाकडे तोंड करायला लावतो, हातावर रचलेल्या पंधरा-वीस फोनांतून एकेक उचलून तोच फोटो तितक्या वेळा काढतो, आणि सूर्य तोवर बुडून जातो. तक्रार मात्र रास्तच असते. केशरी आकाश कॅलेंडरवरही मिळतं. आपण तिथे होतो हे सांगायला चेहराच लागतो.

चेहरा दिसायलाच हवा, हा हट्ट कुठून येतो? आज साठीत असलेल्या बाईचे आयुष्यभराचे फोटो ओळीने मांडून पाहावेत. पहिला लहानपणी स्टुडिओत काढलेला, सगळ्या भावंडांसोबत. त्यानंतर बहुतेक एकदम ‘दाखवायचा’ फोटो: साडी, एका बाजूला कुंडी किंवा कोरीव स्टूल, पूर्ण उंची दिसेल असा. तो तिने काढायला सांगितलेला नसतो, तिच्याकडे राहतही नाही. तो अनोळखी घरांत फिरतो आणि कधी परत येतो, कधी येत नाही. मग लग्नाचा अल्बम. पुढे मुलांचे वाढदिवस, त्यात केकच्या ताटलीमागे तिचा हात. घरात कॅमेरा असलाच तर तो बडोद्याच्या कारखान्यातला ‘अॅग्फा क्लिक थ्री’ किंवा नंतरचा ‘हॉट शॉट’, आणि तो असायचा यजमानांच्या किंवा दिरांच्या गळ्यात. ‘क्लिक थ्री’च्या एका रोलात बाराच फोटो निघत, म्हणजे प्रत्येक फोटो कुणाचा काढायचा याला हिशेब होता, आणि त्या हिशेबात नुसती बसलेली किंवा उगाच हसणारी आई कधी बसत नसे. नंतर मतदार ओळखपत्र, आधार कार्ड. आणि शेवटी एक फोटो लागतो तेव्हा घरच्यांची धावपळ होते, कारण तिचा एकटीचा नीट फोटोच नसतो. मग कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून चेहरा कापून, मागचा मंडप पुसून, फोटो मोठा करून घेतात. दिवाळी अंकांनीही १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून पुढे मुखपृष्ठावर बाई भरपूर छापली, हेही जाता जाता नोंदवायला हवं. ती बहुतेक वेळा पुरुष चित्रकाराने कल्पिलेली आणि हातात निरांजन घेतलेली असे. बाईचं चित्र आपल्याकडे कधीच दुर्मीळ नव्हतं. दुर्मीळ होतं ते तिने मागून घेतलेलं चित्र.

सहलीतला ग्रुप फोटो या सगळ्याहून कसा वेगळा आहे, ते उभं राहण्याच्या पद्धतीवरून कळतं. घरच्या समारंभातल्या फोटोत जागा नात्याने ठरते. मधे खुर्च्यांवर वडीलधारे, त्यांच्या मागे जोडीजोडीने मुलं-सुना, लेकी-जावई, पुढे सतरंजीवर नातवंडं. या रचनेत जिला जोडी नाही तिची पंचाईत होते. विधवा काकू, लग्न न केलेली आत्या, माहेरी परत आलेली बहीण कडेला जातात, किंवा ‘मीच काढते, तुम्ही उभे राहा’ म्हणून कॅमेरा हातात घेतात. तिला कडेला जा असं कुणी म्हणत नाही. फोटोची मांडणीच तिला तिकडे नेते. बायकांच्या सहलीत मात्र उंचीप्रमाणे उभं करतात. बुटक्या पुढे, उंच मागे, गुडघे दुखणाऱ्या खुर्चीवर किंवा ओंडक्यावर. कोण कुणाची बायको, कुणाला मूल आहे, कुणाचा नवरा वारला, कुणी सोडला, यातलं काहीही या रांगेला ठाऊक असावं लागत नाही. इतक्या साध्या कारणावरून लावलेली रांग मराठी बाईला शाळेच्या प्रार्थनेनंतर पहिल्यांदाच मिळते. ‘सगळे फोटो सारखेच’ म्हणणाऱ्याला यातली समानता दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

हा फोटो बायकांच्या ताब्यात असतो, याचा दुसरा पुरावा तो काढून झाल्यावर मिळतो. रात्री हॉटेलच्या खोल्यांमध्ये निवड चालते आणि तिचे नियम कुठे लिहिलेले नसूनही कडक असतात. साडीतले, जेलसमोरचे, देवळातले फोटो घरच्या ग्रुपवर जातात. वन-पीसमधले, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाण्यात बसलेले, नाचतानाचे फोटो सहलीच्या ग्रुपवरच राहतात. ‘हा फॅमिलीवर टाकू नकोस हं’ हे वाक्य म्हणजे संपादकीय निर्णय आहे, आणि तो घेणारी बाई बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदा आपलं कोणतं रूप कोणी पाहावं हे ठरवत असते. याला कुणी लपवाछपवी म्हणेल. पण ज्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल होता आणि बाजार, दवाखाना व गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा फक्त ४२ टक्क्यांना होती, तिथे हजारो किलोमीटरवरच्या बेटावर, स्वतःच्या फोनवर, स्वतःचा फोटो, आणि तो दाखवण्या-न दाखवण्याचा अधिकार ही चैन नाही. अर्थात हा अधिकार गटाच्या आतही मोडतो. एकीचा पोट सुटलेला फोटो दुसरी बिनधास्त स्टेटसला ठेवते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलीलाही उडी मारायचा आग्रह होतो. इतरांचे फोटो काढण्यात जिचा दिवस गेला तिचा एकही धड फोटो उरत नाही. या कुरबुरी खऱ्या आहेत, पण त्या मिटवायच्या कशा हेही त्याच बायकांच्या हातात असतं.

या फोटोंवरचा गंभीर आक्षेप मात्र विनोदांपेक्षा वजनदार आहे. फोटो काढण्याच्या नादात पाहणंच राहून जातं, असं हा आक्षेप म्हणतो. सुझन सोंटाग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या पुस्तकात त्याला आणखी धार दिली. सुट्टीत रिकामं राहण्याची अस्वस्थता ज्यांना सोसत नाही, असे कामाला जुंपलेले समाज कॅमेरा हातात घेऊन सुट्टीचंही काम करून टाकतात, असा त्यांचा मुद्दा होता. जर्मन, जपानी, अमेरिकन पर्यटकांबद्दल तो पटतो. आपल्याकडच्या बाईला तो तसाच लावता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. जिच्या रोजच्या दिवसातून पावणेपाच तास असे जातात, तिचा काहीच न करतानाचा फोटो म्हणजे कामाचा विस्तार म्हणता येणार नाही, काम थांबल्याचा तो दाखला आहे. वाळूत पाय पसरून बसलेली, हातात शहाळं, समोर कुणाचं ताट वाढायचं नाही. असा फोटो तिच्या घरच्या कोणत्याही अल्बममध्ये सापडणार नाही.

‘पाहणं राहून जातं’ हा भागही तपासून घ्यावा. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, पण वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपला तर आठवण टिकली. २०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपल्या मनाने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं अधिक आठवतं आणि ऐकलेलं कमी. म्हणजे दोष सरसकट नाही. काय टिपायचं ते स्वतः निवडणाऱ्याची नजर तल्लख होते, पण कान मिटतात. अंदमानच्या सहलीत याचा सरळ अर्थ असा, की किनाऱ्यावर हवे तेवढे फोटो काढा. सेल्युलर जेलमध्ये मात्र, जिथे पाहण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, तिथे कोठडीपुढे रांग लावून फोटो काढत बसण्यापेक्षा गाईड काय सांगतो ते ऐकलेलं बरं. पाण्याखालच्या फोटोंचं आणखी वेगळं. ज्यांना पोहता येत नाही अशा बायका हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर प्रशिक्षकाच्या हाताला धरून पाण्याखाली जातात, आणि प्रशिक्षकाच्या कॅमेऱ्यातून आलेली ती चित्रफीत अनेकींना जपून ठेवावीशी वाटते. तिथे एकच पथ्य आहे. पोज द्यायला म्हणून प्रवाळावर हात किंवा पाय टेकू नये. तो दगड नाही, सजीवांची वसाहत आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे.

दुसरा आक्षेप आहे पैशाचा. अंदमानला जाणं ज्यांना परवडतं त्यांच्याच मोकळेपणाचं हे कौतुक, असं म्हणता येईल, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. एवढंच, की अर्ध्या तिकिटात एस.टी.ने अष्टविनायकाला निघालेल्या बायकाही रांजणगावच्या आवारात अशाच उंचीप्रमाणे उभ्या राहतात. बेट महाग आहे, रांग महाग नाही.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची, आणि ती टिंगल करणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. फोटोचा हा ताबा बायकांच्या हातून हळूहळू निसटतो आहे. एक तर फोनच्या आतल्या गणिताकडे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचा रंग जुळवायला प्रयोगशाळांकडे गोऱ्या तरुणीचा नमुना फोटो असे. तो ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखला जाई, आणि सावळी त्वचा त्या मापात कधी नीट बसली नाही. आजच्या फोनमधला सौंदर्याचा फिल्टर तेच काम न विचारता करतो. सुरकुती पुसतो, रंग दोन छटांनी उजळतो, आणि पन्नाशीतल्या चौघी एकमेकींच्या बहिणी दिसू लागतात. गूगलसारख्या कंपनीला २०२१ मध्ये ‘रिअल टोन’ नावाने सावळ्या त्वचेसाठी वेगळी सुधारणा आणावी लागली, यावरूनच आधीची स्थिती समजते. चेहरा दिसायला हवा म्हणून सूर्यास्त घालवायचा आणि मग तो चेहराच फोनने बदलून द्यायचा, हा सौदा वाईट आहे. फिल्टर बंद करता येतो, तेवढं तरी करावं.

दुसरीकडे ताबा जातो तो व्यवसायाकडे. सहलींसोबत आता व्यावसायिक छायाचित्रकार असतो, कुठे ड्रोन उडतो, आणि संध्याकाळी तयार रील हाती येतं: गाणं त्यांचं, कापणी त्यांची, शेवटी मोठ्या अक्षरात आयोजकाचं नाव. फोटो सुंदर येतात, वाद नाही. क्षितिजही सरळ असतं. पण तो फोटो कुणाचा? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सर्वसाधारण नियम असा आहे, की छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकार. मात्र कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी ते काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे गटाने वर्गणी काढून माणूस लावला तर फोटो बायकांचे, आणि आयोजकाने लावला तर चित्र वेगळं. शिवाय नोंदणीच्या अर्जात जाहिरातीसाठी फोटो वापरण्याची मुभा देणारं एखादं कलम असू शकतं, जे सही करताना कुणी वाचत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्व असं आहे, की संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असावी. सहलीच्या वीस अटींमध्ये दडवलेली सही त्या तत्त्वात बसत नाही. हा दोष कुण्या एका कंपनीचा नाही, धंद्याची रीतच अशी पडली आहे. उपायही कठीण नाही: फोटो वापरण्यासाठी वेगळा कागद, वेगळी सही, आणि ‘नाही’ म्हटलं म्हणून सहलीत काही कमी होणार नाही ही खात्री. ज्या बाईने वन-पीसमधला फोटो घरच्या ग्रुपवरून मुद्दाम वगळला, तिने तो पुढच्या हंगामाच्या होर्डिंगवर पाहावा, हा मोकळेपणा कुणाचा?

आता त्याच बेटावरच्या दुसऱ्या फोटोंकडे वळू. अंदमानात कॅमेरा पर्यटकांच्या शंभरेक वर्षं आधी आला. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली. पुढे तिथल्या आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या मॉरिस व्हिडाल पोर्टमन या अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमसाठी त्यांचे शेकडो फोटो काढले. पुष्कळ फोटोंत माणसं चौकटीचौकटीच्या पडद्यापुढे उभी आहेत, समोरून एक, बाजूने एक, म्हणजे शरीराची मापं घेता यावीत. १८९६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांसाठी लिहिलेल्या लेखात त्याने सल्ला दिला, की असे फोटो देखणे असण्याची गरज नाही, अचूक असले की झालं. त्याच पोर्टमनने १८८० मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावरून एक वृद्ध जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली होती. जोडपं आजारी पडून मेलं, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. ग्रेट अंदमानी लोक वसाहत वसली तेव्हा काही हजार होते, १९०१ च्या जनगणनेत ६२५ भरले आणि १९६१ मध्ये १९. त्यांच्यातली ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, २०१० मध्ये गेली. तिचा आवाज भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. पोर्टमनचे फोटो लंडनच्या संग्रहांत व्यवस्थित आहेत. त्यातल्या बायकांना तो फोटो कधी हवा होता का, हे कुणी विचारल्याची नोंद नाही.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता आलं असतं, पण जानेवारी २०१२ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. अंदमान ट्रंक रोडवर जारवा या आदिवासी जमातीतल्या बायकांना खाऊच्या बदल्यात पर्यटकांपुढे नाचायला सांगितलं जात होतं. त्या वेळी १९५६ चा आदिवासी संरक्षण नियम लागू होता, जिरकाटांगपासून वाहनं पोलिसांच्या ताफ्यात जात होती, गाडी थांबवायला आणि फोटो काढायला बंदी होती. त्याच वर्षी नियमातल्या शिक्षा आणखी कडक केल्या गेल्या. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाणारे बहुतेक गट आजही याच रस्त्याने जातात आणि जारवांच्या राखीव जंगलातून पार होतात. तिथे पर्समधून फोन न काढणं हा कायदा आहे, हे टूर मॅनेजर सांगतोच. कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. ‘हा फॅमिलीवर टाकू नकोस’ असं म्हणण्याचा जो हक्क काचेच्या या बाजूला बसलेल्या बाईला मोलाचा वाटतो, तो बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला वापरताच येत नाही. तिचा फोटो कुठे जातो हे तिला कळत नाही, आणि तो परत मागायची तिला सोय नाही.

इथे कुणी म्हणेल, दोन्हींची बरोबरी कशी करता? सहलीची बाई हौसेने उभी राहते, जारवा बाईचा प्रश्न अस्तित्वाचा आहे. बरोबरी दुःखाची नाहीच. मोजपट्टी मात्र एकच ठेवावी लागते, नाहीतर आपला मोकळेपणा म्हणजे ज्याच्या हातात फोन त्याची चलती, इतकाच उरेल. ही मोजपट्टी आदिवासींपुरतीही थांबत नाही. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं वसवली गेली. राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही गावांची नावं त्यांच्यामुळे आहेत. भरतपूरच्या किनाऱ्यावर कापलेला पपई-अननस विकणारी, शहाळं सोलून देणारी बाई याच कुटुंबांतली असण्याचा संभव मोठा. तिचे फोटो ‘लोकल कलर’ म्हणून निघतात, बहुतेक न विचारता. विचारायला एक वाक्य लागतं आणि हिंदी दोघींनाही येतं. नाही म्हणाली तर शहाळं तितकंच गोड लागतं. ‘मग रस्त्यावरची छायाचित्रकारी बंदच करायची का?’ असा प्रश्न कलावंत विचारतील. सत्ता गाजवणाऱ्यांचे फोटो न विचारताच काढले पाहिजेत. शहाळं विकणारी सत्ता गाजवत नाही.

न विचारता काढलेल्या या फोटोंहून वेगळं एक उदाहरणही अंदमानातच आहे. जानेवारी १९९१ मध्ये भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाच्या मधुमाला चट्टोपाध्याय उत्तर सेंटिनेलच्या किनाऱ्यावर गेलेल्या तुकडीत होत्या. कमरेएवढ्या पाण्यात त्या सेंटिनेली माणसांच्या हातात नारळ देत आहेत असा फोटो आहे. त्या वेळी तो फारसा कुणी पाहिला नाही. २०१८ मध्ये ते बेट एका परदेशी माणसाच्या मृत्यूमुळे बातम्यांत आलं, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला त्यांचं नाव कळलं. तोपर्यंत सरकारने अशा भेटी बंद करून बेटाला एकटं सोडण्याचं धोरण घेतलेलं होतं, आणि तेच शहाणपणाचं होतं. फोटो सत्तावीस वर्षं होता, त्यातल्या बाईचं नाव मात्र लोकांपर्यंत पोचलं नव्हतं.

नाव गळण्याची ही खोड जुनी आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. १९३० च्या दशकात छापून आलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या कामात मुंबईतल्या एका महिला क्लबाच्या सहलीचे फोटो होते. म्हणजे ज्या विषयाची आज टिंगल होते, त्याच विषयावर या देशातली एक मोठी छायाचित्रकार उभी राहिली. त्या काळात बाईचं नाव अनोळखी म्हणून त्यांचे फोटो बरेचदा त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते अर्थात त्यांच्याच नावाने. तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात ज्या निघाल्या आहेत त्यांना एक विनंती. परत आल्यावर फोनमधल्या शेकडो फोटोंपैकी दहा तरी कागदावर छापून घ्या, कारण फोन बदलला की फोटो जातात. त्यांच्या पाठीमागे तारीख लिहा, जागा लिहा, रांगेत उभ्या असलेल्यांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा. आणि जी चौकटीत आली नाही, कारण फोन तिच्या हातात होता, तिचं नाव सर्वांत आधी लिहा.